ईसी_सिस की थेट पोर्ट?

मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या, दमट हवेत लॅपटॉपचा पंखा अडखळू लागला, की दोष पंख्यात की त्याला चालवणाऱ्या एम्बेडेड कंट्रोलरमध्ये, म्हणजे ईसीत, हे आधी बघावं लागतं. लिनक्सवर ईसीत डोकावण्याच्या दोन वाटा आहेत.

माझी पसंती ईसी_सिस (ec_sys) या कर्नल मॉड्यूलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला जोडता येणाऱ्या छोट्या भागाला. ते लोड केलं की डीबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या तपासणीसाठीच्या आभासी फाइलव्यवस्थेत, ईसीचे २५६ बाइट फाइलसारखे वाचता येतात. पंखा थांबलेला असताना एक डंप (सगळ्या बाइटांची नक्कल) घ्या, जोरात फिरताना दुसरा. शेजारी ठेवले की बदललेले बाइट लगेच नजरेत भरतात. (तापमानाचा बाइटही हलतो, म्हणून दोन-तीनदा ताडून बघा.) वाचन कर्नलच्या ईसी ड्रायव्हरमार्फत होतं, त्यामुळे एसीपीआयशी, म्हणजे वीज-तापमान सांभाळताना ईसीशी बोलणाऱ्या यंत्रणेशी, टक्कर होत नाही. लिहिण्याची सोय मुळातच बंद असते, ती तशीच राहू द्या. कोणता बाइट कशाचा, हा नकाशा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो.

दुसरी वाट थेट पोर्टची, म्हणजे ईसीशी बोलण्याच्या हार्डवेअर पत्त्यांची: सहसा हेक्स (सोळा-आधारी) ६६ वर आज्ञा आणि ६२ वर डेटा. तिथे ड्रायव्हरचं हे संरक्षण नाही. तुमची आणि ड्रायव्हरची आज्ञा एकमेकांत घुसली की भलतेच बाइट हाती येतात. ड्रायव्हरच अडकला असेल तरच इकडे वळा, आणि तेव्हाही फक्त ६६ वरचं स्टेटस वाचा: बिट १ (शून्यापासून मोजून) सतत चढलेला, म्हणजे १ असेल, तर ईसी आज्ञा उचलतच नाहीये.