मॅसी १०३५, नोंदणी १९८७: अकरा महिने वापरल्यानंतर

जानेवारीत घरी आणलेला मॅसी फर्ग्युसन १०३५ आता अकरा महिने रानात आहे. जुना ट्रॅक्टर घ्यावा की नाही, या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळा अनुभव लिहितोय.

आमचं रान सासवडजवळ, साडेपाच एकर. ओढ्याकाठचं एकरभर काळं, बाकी मुरमाड. सीताफळ, थोडं अंजीर, खरिपात वाटाणा नि बाजरी, रब्बीत ज्वारी आणि कांदा. सात वर्षं पॉवर टिलरवर काढली. टिलर बागेत गुणाचा, पण मुरमाड रानाची उन्हाळी नांगरट त्याच्या आवाक्यातली नाही, आणि संध्याकाळी हँडल सोडलं तरी हातांची थरथर जात नाही. नांगरटीला, सरी सोडायला भाड्याचा ट्रॅक्टर सांगायचो. तो यायचा, पण वाफसा (मशागतीजोगी ओल) गेल्यावर. पेरणी आठ दिवस मागे पडायची ती याच कारणाने. भाड्याच्या पैशांपेक्षा ते आठ दिवस जास्त महाग पडत होते.

नव्याचा हप्ता एवढ्याशा रानावर फिटत नाही, म्हणून जुना घ्यायचं ठरलं. तीन मॉडेल डोक्यात होती: महिंद्रा बी-२७५, स्वराज ७३५ आणि हा. स्वराजकडे मन ओढत होतं. मोहालीच्या स्वराज इंजिन्सची १९८५ साली सुरुवात झाली ती आपल्या खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या भागीदारीत, त्यामुळे आमच्या भागात त्या इंजिनाबद्दल आपुलकी आहे. तरी मॅसी घेतला, कारण आमच्यापासून तीन किलोमीटरवरच्या मेस्त्रींचं अर्धं आयुष्य मॅसी उघडण्यात गेलंय. जुन्या ट्रॅक्टरचं मॉडेल निवडताना जवळचा फिटर काय बांधतो ते आधी बघावं, असं माझं ठाम मत आहे. मॅसीच्या तीन सिलिंडरच्या सिम्प्सन इंजिनाचे बोअर-पिस्टन, नोझल, बेअरिंग सगळं मिळतं. सील आणि बुशी मी पुण्याच्या नाना पेठेतून आणल्या, एका फेरीत काम झालं.

मेस्त्रींना सोबत घेऊन शिरूर, दौंड, बारामती भागात मिळून सात ट्रॅक्टर पाहिले. पहिल्या दोन ठिकाणी मी रंग बघितला आणि इंजिनाचा आवाज ऐकला. मेस्त्री म्हणाले, “रंग काल मारलाय पावणं, आणि इंजिन आपण येण्याआधी तापवून ठेवलंय.” त्यानंतर आम्ही फोनवरच सांगायचो, आम्ही येईपर्यंत सेल मारू नका. गार इंजिनाला सेल मारून ते किती फिरल्यावर उचलतं आणि धूर कुठल्या रंगाचा येतो, यात निम्मी परीक्षा होते. निळा धूर निघतच राहिला, तर ऑइल जळतंय. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि तिथून भकाभका हवा आली, तर रिंगा गेल्या.

पण इंजिन गेलेलं परवडतं. ते बांधता येतं, खर्चाचा अंदाज आधी येतो. मॅसीत खरी बघायची गोष्ट म्हणजे लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबाने उचलणारी यंत्रणा, आणि तिचं तेल. या ट्रॅक्टरला गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट या तिघांना मिळून एकच तेल. लिफ्टचा पंप त्या तेलातच बुडालेला असतो. गिअरचा दांडा जिथून आत जातो तिथलं रबर फाटलेलं असेल तर पावसाचं पाणी थेट आत उतरतं. म्हणून ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना सकाळी खालचा नट हळूच सैल करून बघायचा. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. पाचव्या ट्रॅक्टरला असं पेलाभर पाणी निघालं. दिसायला सातांत तोच सगळ्यात देखणा होता.

आमच्या ट्रॅक्टरचं तेल काळं होतं पण निखळ. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद केलं, चहा पिऊन आलो, नांगर चार बोटंसुद्धा खाली आला नव्हता. व्यवहार १ लाख ३५ हजारांना ठरला. नंतर क्लच प्लेट, पुढच्या एका बाजूच्या बुशी, पाण्याचा पंप, बॅटरी आणि मागचे दोन १२.४-२८ टायर, असे साधारण ७० हजार गेले. हा दुसरा आकडा धरूनच किंमत मोजा.

कागदांना दोन महिने लागले. ट्रॅक्टरची नोंदणी पहिली १५ वर्षं, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मूळ मालकांनी ते चुकवलं नव्हतं, म्हणून २०२७ पर्यंत चिंता नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पण नोंदणीच्या पुस्तकावर जुन्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज कधीच फिटलेलं, तो उतरवायचा राहिला होता. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला लागला. तो येईपर्यंत ३० हजार मी हातात ठेवले होते, आणि मालकांनीही ते समजून घेतलं.

आता कामाचं. सगळ्यात मोठं समाधान नांगरटीने दिलं. आयरिश हॅरी फर्ग्युसनने तीन सांध्यांची जी जोडणी काढली, तिचं खरं मर्म ड्राफ्ट कंट्रोलमध्ये आहे. नांगर कठीण जागेत शिरला की टॉप लिंक, म्हणजे जोडणीतला वरचा दांडा, ट्रॅक्टरच्या मागच्या जाड स्प्रिंगला रेटते, स्प्रिंग दबते आणि लिफ्ट नांगराला बोटभर वर घेते. जमीन मऊ लागली की परत खाली. शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणून हलका ट्रॅक्टरही जागेवर चाक फिरवत बसत नाही. आमच्या ट्रॅक्टरला आधीच्या मालकांनी ड्राफ्टची दांडी तारेने बांधून टाकली होती. मेस्त्रींनी तार तोडली आणि मला टॉप लिंकचा ट्रॅक्टरकडचा, स्प्रिंगवरचा सांधा धरून हलवायला लावला. तो पुढेमागे सुपारीएवढा खेळत होता. त्यांनी पिन काढली, आटे साफ केले आणि तो इतकाच आवळला की बोटांनी फिरतो, पण पुढेमागे मुळीच हलत नाही. अर्ध्या तासाचं काम. एप्रिलमध्ये मुरमाच्या पट्टीत दोन फाळांचा नांगर लावला, तेव्हा खडक लागला की नांगर स्वतःहून किंचित उठायचा आणि पुढे गेल्यावर पुन्हा बसायचा. आबा बांधावरून बघत होते. म्हणाले, “बैलसुद्धा असंच करायचे, दगड लागला की आपणहून थांबायचे.” ते ऐकून मला फार बरं वाटलं.

उणिवाही आहेत. आमचा सिंगल क्लचचा आहे. क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओ (मागच्या अवजाराला फिरवणारा शाफ्ट) थांबतो आणि लिफ्टही थांबते. नांगराच्या ओळीच्या टोकाला आधी नांगर उचलायचा आणि मग क्लच दाबायचा, हे पायाला शिकवावं लागतं. रोटाव्हेटरला, म्हणजे फिरत्या पात्यांनी ढेकळं फोडणाऱ्या अवजाराला, तर हे नडतंच: पुढे ढेकळं जास्त आली म्हणून क्लच दाबला की पात्यांची ताकद तुटते, आणि ती थांबेपर्यंत त्यांच्या फिरण्याचा जोर ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. कुंपणाजवळ मी आता रोटाव्हेटर नेत नाही. ज्यांचं मुख्य काम रोटाव्हेटरचं आहे त्यांनी चाकं थांबली तरी पीटीओ चालू ठेवणारा, डबल क्लचचाच शोधावा, दहावीस हजार जास्त गेले तरी चालतील.

आणि जुलैत माझी चूक झाली. वाटाण्याच्या गडबडीत ट्रॅक्टर आठवडाभर झाडाखाली उघडा राहिला, गिअरच्या दांड्याचं रबर बदलायचं मी पुढे ढकललं होतं. एका सकाळी लिफ्ट झटके देत उठली. नट सोडला तर तेल ताकासारखं पांढुरकं. तीस लिटरच्या वर तेल ओतून द्यावं लागलं, डिझेलने धुऊन नवीन भरलं, सात हजारांचा फटका. ते रबर दोनशे रुपयांचं होतं. जुना ट्रॅक्टर आणल्यादिवशी ते आधी बदला, इंजिन ऑइलच्याही आधी.

डिझेल नांगरटीला तासाला साडेतीन-चार लिटर, कुळवाला त्याहून कमी. ज्वारीच्या पेरणीत एकदा टाकी कोरडी पडली आणि लाइनीत हवा धरली. फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट, या क्रमाने हवा काढायची हे मेस्त्रींनी फोनवर सांगितलं आणि वीस मिनिटांत इंजिन लागलं. १३ नंबरचा पाना तेव्हापासून सीटखालीच असतो.

टिलर विकलेला नाही, अंजिराच्या ओळीत अजून तोच चालतो. यंदा ज्वारी वाफशावर, शेजाऱ्यांच्या आधी चार दिवस पेरली गेली. पुढच्या उजव्या चाकाच्या बुशीत थोडा खेळ आलाय. कांद्याची लागण उरकली की ट्रॅक्टर मेस्त्रींकडे दोन दिवस सोडणार आहे.