आजारी ॲक्सोलॉटल: मिठाचे स्नान की थंड पाण्याचा टब?

ॲक्सोलॉटलच्या (पाण्यात राहणाऱ्या, सॅलॅमँडरच्या जातीच्या उभयचर प्राण्याच्या) कल्ल्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसू लागली की मिठाचे स्नान लवकर गुण देते. मात्र आयोडीनविरहित मिठाच्या द्रावणात प्राणी १० ते १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ राहिल्यास त्याच्या नाजूक त्वचेला आणि कल्ल्यांनाच इजा होते. याउलट, १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानाच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याचा स्वतंत्र टब संथपणे काम करतो, परंतु त्यातील सगळे पाणी रोज बदलल्यास (नवे पाणीही तेवढेच थंड हवे) अमोनिया साचत नाही. आजाराचे मूळ बहुतेक वेळा दूषित किंवा तापलेल्या पाण्यातच असल्यामुळे माझा कल टबाकडे आहे. स्नान केवळ जोडीला द्यावे. खाणे सोडलेल्या प्राण्याला मात्र पशुवैद्यांनाच दाखवावे.