दहा बाय दहाच्या खोलीत यामाहा एचएस ५

लालबागच्या घरातली आमची आतली खोली दहा बाय दहा. तिथेच माझा तबला, तिथेच आईचं शिलाई मशीन आणि गेले आठ महिने हे दोन स्टुडिओ स्पीकर, यामाहा एचएस ५. खर्जासाठी पाच इंची वूफर, वरच्या सुरांसाठी एक इंची ट्विटर, प्रत्येक स्पीकर ७० वॉट. दुकानात आठ इंचीवाले ऐकून मोह झाला होता. पण दहा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की साधारण ५६ हर्ट्झला, म्हणजे अगदी खालच्या सुराला, खोली स्वतःच घुमते. तिला आणखी खर्ज कशाला पाजायचा?

पहिल्या दिवशी भिंतीला चिकटवून ठेवले, तर डग्गा नुसता गुंगुं. बेसचं भोक मागच्या बाजूला आहे ना! दीड फूट पुढे ओढले, खर्ज कमी करणारं रूम कंट्रोलचं बटण उणे २ डेसिबलवर टाकलं, कोपऱ्यात गाद्यांची वळकटी उभी केली. तेव्हा कुठे डग्ग्याची मींड, तो घसरता सूर, सुटी ऐकू आली. तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, ‘ना’ मात्र पहिल्यापासून लख्ख, माझं बोट कुठे घसरलं तेसुद्धा.

रोजच्या ऐकण्याला? भावगीतं, नाट्यपदं सुरेख. गायक समोर बसल्यासारखा. नाचाची गाणी लावली की धाकटा विचारतो, “दादा, हे उपाशी आहेत का?” ५४ हर्ट्झखाली ते फारसे उतरत नाहीत, त्याला इलाज नाही.

आणि यांना आरसीए जॅक, म्हणजे घरच्या टीव्ही-प्लेअरला असतात तशी लाल-पांढरी भोकं, नाहीत. इंटरफेस (कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरला देणारी पेटी) आणि टीआरएस केबल (बाहेरची घरघर अडवणारी) यांचे पैसे वेगळे धरा. मला एका दुकानदाराने साधी मोनो केबल गळ्यात मारली. महिनाभर घरघर. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “मिक्सर बंद कर रे!”