फीच्या नावाखाली माझ्या नावावर ८०,००० चं कर्ज

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे नोकरीची हमी देणाऱ्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांची दुकानं कशी चालतात ते तुम्हाला माहीत आहेच, पाल्हाळ लावत नाही.

पुण्यात फुल स्टॅकच्या (वेबसाइट पूर्ण बनवायला शिकवणाऱ्या) कोर्सची फी ८५,०००. ५,००० रोख, उरलेले ८,००० चे दहा 'नो कॉस्ट' हप्ते. काउंटरवरच्या मॅडमनी माझा फोन स्वतःच्या हातात घेतला. "आधार व्हेरिफिकेशन आहे, ओटीपी आला की टाकते." एक टाकला. मिनिटभरात दुसरा आला. फीची पावती फाडायला आधारचा ओटीपी दोनदा कशाला? आणि मेसेजखाली क्लासचं नाही, भलत्याच फायनान्स कंपनीचं नाव! (तो ओटीपी म्हणजे कर्जाच्या करारावरची माझी सही, हे नंतर कळलं.) पण मागे रांग, शेजारी बार्शीहून आलेले वडील मॅडम-मॅडम करतायत. तिथे कोण अटी वाचत बसतं? त्यात भिंतीवर 'भारत सरकार'ची फ्रेम. ते निघालं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी. फुकट मिळतं, पिठाच्या गिरणीलाही मिळतं. शिकवण्याच्या दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

जावा अर्धवट झालं आणि क्लासला कुलूप. २९,००० गेले, ५६,००० डोक्यावर. चौथा हप्ता अडवला तर ५९० बाउन्स चार्ज, सिबिल घसरला तो वेगळाच.

फायनान्स कंपनी म्हणते, पैसे आम्ही क्लासला दिले, कोर्सचं आम्हाला सांगू नका. मग वसुलीला फोन मला का? चौकीत साहेबांनी कागद न उघडताच "हे सिव्हिल मॅटर आहे" म्हणून वाटेला लावलं. शंभर पोरांकडून एकाच पद्धतीने सह्या घेतल्या तरी सिव्हिलच? बँकेत मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) बंद करायला गेलो तर फायनान्स कंपनीचं पत्र आणा! १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांनी उत्तर दिलं नाही, तक्रार बंद. उत्तर न देणाऱ्यालाच फायदा, वा रे न्याय.

फोन कुणाच्या हातात देऊ नका. "पूर्ण फी चेकने भरतो, कर्ज नको" म्हणून बघा. समोरच्याचा चेहरा पडला तर उठा. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या कोर्सला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं, इथे नुसतं आधार चालतं, यातच काय ते समजा. ॲपवरून कर्ज झालंच असेल तर करारातली कूलिंग-ऑफ मुदत आजच बघा. तेवढ्यात दंडाशिवाय परत करता येतं. मला हे कुणी सांगितलं नाही.

आमच्या बॅचमधलं कुणी वाचत असेल तर पावती, कराराची पीडीएफ आणि प्लेसमेंटच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही आणि सगळ्यांची मिळून एकच तक्रार टाकता येते.