एक्स-रे दाखवून मला सहा आठवडे घाबरवलं, तुम्ही फसू नका

सिग्नलला गाडी उभी होती आणि मागून एकाने येऊन ठोकली. स्पीड फार नव्हता, बंपर चेपला एवढंच, मी उतरून त्याच्याशी भांडलेसुद्धा, मान अजिबात दुखत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलायला गेले तर उचलेचना, दोन्ही हातांनी डोकं धरून उठून बसले. व्हिपलॅशचं, म्हणजे झटक्याने मान पुढेमागे फेकली जाऊन होणाऱ्या दुखापतीचं, असंच असतं, दुखणं कित्येकदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी हाताला मुंग्या येतात का विचारलं, हातातली ताकद बघितली, मान दोन्हीकडे ४५ अंश वळते का ते बघितलं आणि म्हणाले स्नायू ताणलेत, गोळी घ्या, मान हळूहळू हलवत राहा, कॉलर नको, एक्स-रेची गरज नाही. झालं, इथेच माझं बिनसलं. एक्स-रे पण काढला नाही म्हणजे नीट बघितलंच नाही असं डोक्यात बसलं, आणि अशी नाराज माणसंच भोंदू उपचारवाल्यांना हवी असतात.

ओळखीतल्या एकीने नंबर दिला, "घरी येऊन मान बरी करतात". आला तो, बॅगेवर नावाआधी डॉ. लिहिलेलं, बोलणं एकदम गोड. आधी एक्स-रे काढून आणायला लावला, मग खिडकीच्या उजेडात धरून म्हणाला, ताई हे बघा, मानेला बाक हवा, तुमची काठीसारखी सरळ झालीय, आत्ता केलं नाही तर पुढे हात लुळा पडेल. आईच्या समोर बोलला हे, आई रडायलाच लागली. २४ सेशनचं पॅकेज, सगळे पैसे आधी, आणि आजच भरले तर सूट. मी भरले. शिकलेली बाई मी, तरी भरले.

मग त्याचीच कॉलर, सहा आठवडे दिवसरात्र, झोपतानाही. एक थरथरणारं मशीन, निळा लाईट लागायचा त्याला, त्याचं काम काय ते अजून कळलेलं नाही. दुखणं कमी झालं की "बघा फरक पडला" आणि वाढलं की "आतलं बाहेर पडतंय", म्हणजे काहीही झालं तरी तोच बरोबर! नवव्या सेशनला त्याने न सांगता मान झटक्यात फिरवली, कट्ट आवाज आला, संध्याकाळभर गरगरत होतं. तेव्हा खरं तर मी लगेच हॉस्पिटलला जायला हवं होतं कारण असा झटका दिल्यावर क्वचित का होईना मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते आणि त्यातून स्ट्रोक येतो. मी मात्र आल्याचा चहा पिऊन झोपले, मूर्खासारखी.

शेवटी त्याने दुसरा एक्स-रे काढायला लावला आणि खरंच त्यात बाक दिसत होता, मी खुश. मावशीची सून फिजिओ आहे, तिला कौतुकाने दोन्ही फोटो पाठवले तर तिचा लगेच फोन. म्हणाली ताई, पहिल्या फोटोत तुझी हनुवटी खाली आहे, दुसऱ्यात वर आहे, तेवढ्यानेच बाक दिसतो नाहीतर जातो. आणि सरळ मान तर काही न दुखणाऱ्या माणसांचीही एक्स-रेत दिसते. कॉलर काढायला लावली तर मान लाकडासारखी, इतके आठवडे न हलवल्यामुळे. नंतर मी वाचलं, कॅनडात क्यूबेकच्या टास्क फोर्सने, म्हणजे तज्ज्ञांच्या समितीने, १९९५ मध्येच सांगून ठेवलंय की व्हिपलॅशमध्ये मान हलती ठेवा, लवकर रोजच्या कामाला लागा. पहिल्या डॉक्टरांनी फुकटात हेच सांगितलं होतं की!

सुनेने दिलेले व्यायाम एवढेच, मान सावकाश उजवीकडे डावीकडे, हनुवटी आत, खांदे गोल, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. हातात मुंग्या किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणं, बोलताना जीभ जड होणं, दोन दोन दिसणं, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही असेल तर व्यायाम नाही, सरळ हॉस्पिटल, असं तिने बजावलं.

त्या पॅकेजवाल्याकडे पैसे परत मागितले तर त्याने पावती दाखवली, त्यावर उपचार हा शब्दच नाही, "वेलनेस मेंबरशिप" लिहिलेलं आणि खाली माझी सही. रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर म्हणे आमचं सर्टिफिकेट इंटरनॅशनल आहे. घरात पाऊल टाकायच्या आधी विचारायचा प्रश्न मी सगळं झाल्यावर विचारला.

तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा त्याने शांतपणे मलाच विचारलं, मग तुमचं दुखणं कमी कशाने झालं? बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत आपोआपच बरं होतं हे मला तोवर चांगलं माहीत होतं, तरी त्या क्षणी तोंडातून शब्द फुटला नाही, आणि त्याने फोन ठेवून दिला.