दहा बकऱ्या की दहा मेंढ्या?

पशुसंवर्धन विभागाच्या गटवाटप योजनेत दहा शेळ्या आणि एक बोकड, नाहीतर दहा मेंढ्या आणि एक नर, असे दोन पर्याय असतात. खुल्या गटाला ५० टक्के अनुदान, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के. अर्ज भरणारा आधी भाव विचारतो. मी त्याला उलट विचारतो: तुमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काय उगवतं, आणि जनावरामागं हिंडायला घरात कोण आहे?

दोघींचं खाणंच वेगळं. बकरी वर बघून खाते. मागच्या दोन पायांवर उभी राहून बोर, बाभूळ, सुबाभूळ ओरबाडते. खाली पडून तुडवलेल्या चाऱ्याला तोंड लावत नाही, म्हणून गव्हाण उंच लागते, नाहीतर अर्धा चारा वाया. मेंढी मान खाली घालून मातीलगतचं गवत कुरतडते. आपल्या विदर्भातल्या कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यात गायरान किती उरलंय ते तुम्ही पाहताच. धुऱ्यावरच्या बाभळी, नाल्याकाठची झुडपं आणि घरचं तुरीचं कुटार मात्र अजून आहे. त्यामुळे पाच-सात एकरवाल्याला माझं पहिलं उत्तर बकरी हेच असतं.

पण बकरीचा स्वभाव सोसायची तयारी हवी. तिला प्रत्येक गोष्ट ओठांनी चाचपून पाहायची असते. कुंपणात एक भोक सापडलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या त्याच भोकातून बाहेर. शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत शिरल्या तर भांडण वेगळं, आणि तिथं कालच फवारणी झाली असेल तर जीवही जायचा.

मेंढी असं काही करत नाही. ती कळपाची. मी एक वर्ष हौसेनं चार मेंढ्या बकऱ्यांत ठेवल्या होत्या. त्यातल्या तीन विकल्या आणि उरलेली एक रात्रंदिवस ओरडत राहिली, चाऱ्याला तोंड लावेना. बकऱ्या शेजारीच होत्या, त्यांचा तिला काही आधार वाटला नाही. एकटी मेंढी ठेवूच नये. कुत्रा दिसला की बकऱ्या पांगतात, मेंढ्या एकमेकींना चिकटतात आणि एक पळाली की सगळ्या तिच्यामागं, मग पुढं विहीर असो की रस्ता. गावातले एक म्हातारे मेंढपाळ मला तेव्हाच म्हणाले होते, "भाऊ, मेंढीच्या मांगं माणूस लागते, अन् तो बी रोजचा." ते मला पटलं, पण मेंढ्या विकून झाल्यावर.

दुखणं ओळखायचीही हीच तऱ्हा. बकरीचं पोट फुगलं की ती दात खाते, ओरडते, सगळ्या घराला कळतं. मेंढी लपवते. चालताना मागं पडायला लागली, कान पडले, की समजायचं उशीर होत आलाय. माजाचंही तसंच. बकरी माजावर आली की शेपटी हलवते, ओरडते. सुमारे २१ दिवसांनी परत येते. मेंढीचा माज साधारण १७ दिवसांनी येतो आणि मुका असतो, नर कळपात नसेल तर पत्ताही लागत नाही. गाभणकाळ दोघींचाही जवळपास पाच महिन्यांचा. पण बकरीला जुळी होणं नेहमीचं, आपल्याकडच्या दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू. हिशेब इथंच बराचसा सुटतो.

लोकरीच्या आशेवर मेंढी घेऊ नका. दख्खनी लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची. कातरणाऱ्याची मजुरी बहुतेक वेळा लोकरीतून निघत नाही, आणि उन्हाळा ४५ अंशांवर जाण्याआधी कातरावं तर लागतंच. मटणालाही आपल्याकडे गिऱ्हाईक बोकडाचंच जास्त. मेंढीची खरी कमाई लेंडीत. वावरात कळप बसवून घ्यायला शेतकरी मोबदला देतात, पण दहा मेंढ्यांना कोण बोलावतो? त्याला शे-दीडशेचा कळप आणि भटकंती लागते. ते धंद्याचं गणित वेगळं आहे, आणि ज्यांच्या पिढ्या त्यात गेल्या त्यांनाच ते जमतं.

पावसाळ्यात काळी माती दोघींची वैरी. खुरात चिखल बसतो, खुरं सडतात, जनावर लंगडतं. गोठ्याला मुरूम टाकून उंचवटा करा, जमल्यास बकऱ्यांसाठी फळ्यांचा माच. बकरी पावसाचे चार थेंब पडले की आडोशाला पळते. मेंढी भिजत चरत राहते आणि ओली लोकर घेऊन बसते. दव असताना सकाळी लवकर सोडू नका, गवताच्या बुडातून जंतांच्या अळ्या तेव्हाच वर येतात. मेंढी बुडातलंच खाते. बकरीलाही झुडपं नसतील आणि गवतावरच भागवावं लागलं, तर जंतांपुढे ती मेंढीपेक्षा लवकर हात टेकते.

दोन्ही एकत्र पाळायच्या असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. बकरीला तांबं जास्त लागतं. मेंढीच्या यकृतात ते साचत जातं आणि विषबाधा होते. बकऱ्यांची खनिज वीट मेंढ्यांना चाटू देऊ नका.

जात निवडताना दुरून काही आणायची गरज नाही. बेरारी बकरी आपलीच, जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्यूरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केलेली आहे. अंगानं तांबूस, इथल्या उन्हाला सरावलेली.

खरेदी दिवाळीनंतर करा, जूनमध्ये नको. बाजारात सगळे दात बघतात. तुम्ही डोळ्याची खालची पापणी उलटून बघा. आतून पांढरट दिसली तर जंतांनी रक्त शोषलंय, ते जनावर सोडून द्या. घेतलेलं घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळं बांधा, पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथरोगाची लस झाली नसेल तर डॉक्टरांना तेव्हाच बोलवा.