एक ५०७० टीआय की दोन ५०६० टीआय? गेमिंग, ब्लेंडर आणि घरचं एआय

एक तगडं ग्राफिक्स कार्ड की दोन मध्यम, हा प्रश्न मधल्या काळात मेला असंच सगळ्यांनी धरलं होतं, आणि गेमिंगपुरता तो खरंच मेलाय. पण लोक घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवायला लागले आणि तो परत उठून बसला. आता जो तो विचारतो की एनव्हिडियाच्या एका ५०७० टीआयच्या पैशात थोडी भर घातली तर दोन ५०६० टीआय येतात, मग तेच का नको?

आधी आकडे बघू, कारण ही जोडी तुलनेसाठी मुद्दाम बनवल्यासारखी आहे. ५०७० टीआय म्हणजे ८९६० कुडा कोअर (हिशोब करणारे छोटे भाग), १६ जीबी मेमरी, सेकंदाला ८९६ जीबी बँडविड्थ (मेमरीतून डेटा वाचायचा वेग), ३०० वॅट, लाँचची किंमत ७४९ डॉलर. ५०६० टीआयचं १६ जीबीवालं म्हणजे ४६०८ कोअर, ४४८ जीबी बँडविड्थ, १८० वॅट, ४२९ डॉलर. आता हे दुप्पट करा: ९२१६ कोअर, ८९६ बँडविड्थ (बरोब्बर तेवढीच!), ३६० वॅट, ८५८ डॉलर. म्हणजे १०९ डॉलर जास्त मोजले की कागदावर सगळं सारखं आणि मेमरी मात्र ३२ जीबी. आपल्याकडचे रुपयातले भाव दर आठवड्याला हलतात त्यामुळे ते देत नाही, घेताना फरक स्वतः मोजून बघा. आणि हो, ५०६० टीआयचं ८ जीबीवालं पण मिळतं, थोडं स्वस्त, दिसायला सेम, बिलावर नीट वाचा.

गेमिंग करणार असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, एकच कार्ड घ्या. दुसरं कार्ड गेमला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. २०१४-१५ मधे एका जीटीएक्स ९८० ऐवजी दोन ९७० लावणारे बरेच होते आणि तेव्हा त्यात दम होता, एक फ्रेम हे कार्ड काढणार, पुढची ते कार्ड. पण दोन्हीच्या मेमरीत तोच डेटा कॉपी व्हायचा म्हणजे मेमरी वाढत नव्हती, फ्रेम अनियमित यायच्या म्हणून एफपीएस (सेकंदाला फ्रेम) भरपूर दिसूनही गेम अडखळायचा, आणि नंतर गेम इंजिनं आधीच्या फ्रेमचा डेटा पुढच्या फ्रेमला वापरायला लागली, मग ती फ्रेम दुसऱ्याच कार्डात बसली असेल तर सगळा खेळ खल्लास. एनव्हिडियानं २०२१ पासून जुन्या कार्डांना एसएलआयचे (गेमसाठी दोन कार्डं जोडायची सोय) नवीन ड्रायव्हर प्रोफाइल देणं बंद केलं, ४० सिरीजपासून गेमिंग कार्डावरचा दोन कार्डं जोडायचा एनव्हीलिंकचा कनेक्टरसुद्धा गेला. हल्ली लॉसलेस स्केलिंग नावाच्या सॉफ्टवेअरमधे फ्रेम जनरेशनचं (मधल्या जादा फ्रेम बनवायचं) काम दुसऱ्या कार्डावर टाकता येतं, पण ते घरात पडलेल्या जुन्या कार्डासाठी ठीक आहे, त्यासाठी नवीन कोण घेईल.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवाल्यांचं गणित वेगळं. त्याच्या सायकल्स या रेंडर इंजिनच्या सेटिंगमधे जाऊन दोन्ही कार्डांना टिक केलं की दोघं मिळून रेंडर करतात आणि स्पीड खरंच चांगला वाढतो, कोअर जवळपास सारखेच आहेत त्यामुळे रेंडरच्या वेळेत दोन्ही पर्याय आसपासच राहतील. पण ३२ जीबी मिळाली असं समजू नका, पूर्ण सीन प्रत्येक कार्डात वेगळा लोड होतो, म्हणजे मर्यादा १६ चीच. मग १०९ डॉलर आणि ६० वॅट जास्त घालून मिळवलं काय? एका कार्डावर रेंडर लावून दुसऱ्यावर व्ह्यूपोर्टमधे (सीन बनवायच्या खिडकीत) काम करत बसायची सोय, बास. ज्यांना रोज ते लागतं त्यांना त्याची किंमत कळते, बाकीच्यांनी एकच घ्यावं. इमेज जनरेशनचं पण साधारण असंच, एक चित्र दोन कार्डांत वाटून निघत नाही सहजासहजी, दोन वेगळी चित्रं एकाच वेळी निघतात.

आता खरी गंमत, लँग्वेज मॉडेल. इथे मात्र मेमरी खरंच जोडली जाते, कारण मॉडेल म्हणजे एकावर एक लेयर, अर्धे या कार्डात अर्धे त्या कार्डात ठेवता येतात, ओलामा किंवा एलएम स्टुडिओ ही सॉफ्टवेअर हे आपोआप करतात. पण जोडली जाते ती मेमरी, स्पीड नाही, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. प्रत्येक टोकनसाठी (म्हणजे उत्तरातला शब्द किंवा शब्दाचा तुकडा) आधी पहिलं कार्ड आपले लेयर वाचतं, मग दुसरं, म्हणजे एक काम करत असताना दुसरं बसून असतं. त्यामुळे बँडविड्थ ४४८ चीच धरायची, ८९६ ची नाही. दोन्हीकडून एकदम काम करून घेणारी पद्धत आहे, व्हीएलएलएम वगैरे सॉफ्टवेअरमधे, पण तिथे कार्डांमधलं बोलणं खूप वाढतं आणि सेटिंगची डोकेदुखी पण.

हिशोब करून बघू, प्रत्येक टोकनला अख्खं मॉडेल एकदा मेमरीतून वाचावं लागतं एवढं लक्षात ठेवा. १४ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमधे (आकडे कमी बिटात दाबून बसवलेलं) साधारण ९ जीबी. ५०७० टीआयवर ८९६ भागिले ९, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९९ टोकन. दोन ५०६० टीआयवर ५०. प्रत्यक्षात दोन्हीकडे कमीच मिळतील पण प्रमाण हेच, छोट्या मॉडेलला एकटं कार्ड दुप्पट पळतं. आता ३२ अब्जचं क्वेन नावाचं मॉडेल घ्या, ४ बिटमधे २० जीबी. ते १६ मधे मावत नाही. कॉन्टेक्स्टला (चालू संभाषणाला) जागा सोडून १४ जीबी कार्डात ठेवलं तर उरलेलं ६ जीबी साध्या रॅममधे जातं, आणि ड्युअल चॅनल डीडीआर५ ५६०० ची बँडविड्थ आहे जेमतेम ९०. तेवढे ६ जीबी वाचण्यातच बहुतेक वेळ जातो, ५०७० टीआय ९९ वरून १२ टोकनवर येतं. तिकडे दोन ५०६० टीआय २२ पर्यंत जातात. थोडक्यात तुमचं मॉडेल १६ जीबीत बसतं की नाही, एवढ्यावरच निकाल आहे. यात एक पाचर अशी की हल्ली एमओई (प्रत्येक टोकनला स्वतःचा थोडाच भाग वापरणारी) मॉडेल आलीत, क्वेन ३ चं ३० अब्जवालं एका टोकनला ३ अब्जच पॅरामीटर वापरतं, तसलं थोडं रॅममधे सांडलं तरी चालण्यासारखं चालतं. तुम्ही तसलीच मॉडेल वापरणार असाल तर दोन कार्डांचा मुद्दा बराच ढिला पडतो.

‘आत्ता एक घेतो, दुसरं दिवाळीला’ हा बेत बऱ्याच जणांचा असतो आणि तो वाईट नाही, पण मग मदरबोर्ड आत्ताच बघून घ्या. स्वस्त बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट असतो, आत लेन (डेटा जायच्या वाटा) चारच किंवा कधी एकच. चार लेन असल्या तरी लेयर वाटून चालवायला अडचण येत नाही, एका टोकनमागे कार्डाकार्डात दहाएक केबी डेटा जातो फक्त, मॉडेल लोड व्हायला वेळ लागेल एवढंच. अडचण येते ती जागेची, दुसरा स्लॉट अगदी खाली कॅबिनेटच्या तळाला चिकटून असेल तर पंख्याला हवाच नाही. आणि दोन्ही कार्ड जवळजवळ असली की वरचं कार्ड खालच्याची गरम हवा खातं, नागपूरच्या मे महिन्यात हे काय होईल ते सांगायला नको. पॉवर सप्लाय ५०७० टीआयला ७५० वॅटचा सांगतात, दोन कार्डांना मी ८५० च्या खाली जाणार नाही. घरात ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो दोन्ही केसमधे विसरा.

मला विचाराल तर एआयसाठी यातलं कुठलंच घ्यायच्या आधी सेकंडहँड ३०९० बघावं. २४ जीबी, ९३६ ची बँडविड्थ, एकच कार्ड, तेच २० जीबीचं मॉडेल ४६ टोकनपर्यंत जातं, म्हणजे दोन ५०६० टीआयच्या दुप्पट. ३५० वॅट खातं आणि वॉरंटी बहुतेक संपलेली असते ही भानगड आहेच. त्यात २०२२ च्या सप्टेंबरमधे इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं तेव्हा रात्रंदिवस घासलेली भरपूर कार्डं बाजारात आली, त्यातलंच एखादं आपल्या वाट्याला येऊ शकतं. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन कुणाकडून, अर्धा तास लोडवर चालवून मेमरीचं तापमान बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. ३०९० ला मेमरीच्या चिप मागच्या बाजूला पण आहेत आणि तापतात त्याच. आकडा ११० ला जाऊन चिकटत असेल तर थर्मल पॅड बदलायचा खर्च धरून भाव पाडा, किंवा सरळ दुसरं बघा.